डेटाबेस ‘नाही’ म्हणतो तेव्हा कोडनं काय करावं

२०२० च्या दिवाळीत माझ्या मामींच्या फराळाच्या ऑर्डरी गायब झाल्या. मामी इंदूरला रामबागेत राहतात. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी दरवर्षी चकली, अनारसे, बेसनाचे लाडू, चिवडा करून विकतात. त्या वर्षी लोक घराबाहेर पडायला बिचकत होते, म्हणून मी दोन रात्री बसून त्यांना ऑर्डर घेणारं एक पान करून दिलं. पीएचपी, मायएसक्यूएल आणि स्वस्तातलं होस्टिंग. धनत्रयोदशीला सुदामानगरहून एक आजोबा पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या मोबाइलवर ‘धन्यवाद, आपली ऑर्डर नोंदवली आहे’ असं स्वच्छ दिसत होतं आणि मामींच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. संध्याकाळपर्यंत असे सात जण झाले. मामी एवढंच म्हणाल्या, “अरे, तुझ्या पानानं धन्यवाद म्हटलं ना? मग लिहून का नाही घेतलं?”

रात्री शोध लागला. त्या सातही जणांनी ‘विशेष सूचना’च्या रकान्यात शुभेच्छा लिहिल्या होत्या आणि शेवटी पणतीची इमोजी टाकली होती. माझं टेबल मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारातलं होतं. त्यात एका वर्णाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी अक्षर तिनात बसतं, पणतीला चार लागतात. डेटाबेसनं १३६६ क्रमांकाची एरर देऊन अख्खी ओळ नाकारली होती. पण पीएचपी ८ च्या आधी पीडीओचा (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीचा) मूळ स्वभाव गप्प बसण्याचा होता: एक्सेप्शन नाही, नुसतं ‘फॉल्स’ परत. तो फॉल्स मी कधी पाहिलाच नाही. म्हणजे ज्यांनी सगळ्यांत प्रेमानं लिहिलं, नेमक्या त्यांच्याच ऑर्डरी गेल्या.

विजयनगरच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की मी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो, आणि पुढचं सगळं याच फराळाच्या दुकानावर समजावतो. इथंही तेच करणार आहे. तुम्हाला एखादी भाषा येते आणि इन्सर्ट, अपडेट लिहिता येतं एवढं मी गृहीत धरलंय. उदाहरणं पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची आहेत. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवर कोड बदलतील, विचार तोच राहील.

आधी एरर ऐकू येऊ द्या

तुमचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) चूक झाल्यावर ओरडतो की पुटपुटतो, हे सगळ्यांत आधी तपासा. पीएचपीत पीडीओ ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून आपणहून एक्सेप्शन फेकतात. त्याआधीच्या आवृत्तीवर काम असेल, तर कनेक्शन उघडतानाच एरर मोड एक्सेप्शनवर ठेवा. इंदुरात अजून कितीतरी दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर जुन्या पीएचपीवर चालताना मी पाहतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पायथन आणि जावात ड्रायव्हर स्वतःच एक्सेप्शन देतात. नोडमध्ये ‘अवेट’ लिहायला विसरलात, तर एरर तुमच्या ट्राय-कॅचच्या बाहेरूनच निघून जाते.

तपासायला एक मिनिट पुरतं. नसलेल्या टेबलावर क्वेरी मारा आणि प्रोग्राम थांबतो का बघा. थांबला नाही, तर पुढचं काहीही वाचण्याआधी ते दुरुस्त करा.

यानंतरचा शत्रू म्हणजे रिकामा कॅच. तो कुणी वाईट हेतूनं लिहीत नाही. डेमो उद्यावर आलेला असतो, स्क्रीनवर लाल अक्षरं नको असतात, म्हणून कॅच लिहून आत ‘नंतर बघू’ अशी टिप्पणी टाकली जाते. लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढच्या ओळीवर ‘धन्यवाद’ दाखवणं हेसुद्धा गिळणंच आहे. माझा नियम सोपा आहे: या जागी एररवर काही ठोस करता येत असेल तरच ती पकडायची, नाहीतर वर जाऊ द्यायची. सगळ्यांत वरती, जिथं विनंती येते आणि उत्तर जातं, तिथं एकच शेवटचं कॅच असावं. ते लॉग करेल आणि ग्राहकाला माफी मागणारा संदेश देईल.

एक गोष्ट मात्र ओरडतच नाही. चकलीची पाकिटं कमी करणारा अपडेट ‘जिथं शिल्लक पाच किंवा जास्त आहे तिथंच’ अशा अटीसह लिहिला आणि शिल्लक तीनच निघाली, तर डेटाबेस आनंदानं सांगतो की शून्य ओळी बदलल्या. ही एरर नाही. तुमच्या दृष्टीनं मात्र विक्री झालेली नाही. किती ओळी बदलल्या हा आकडा प्रत्येक अपडेटनंतर वाचायची सवय लावून घ्या.

संदेशाचा मजकूर नको, कोड वाचा

नवीन मुलं एररच्या वाक्यात ‘डुप्लिकेट’ हा शब्द शोधतात आणि सापडला तर पुढचं ठरवतात. काही महिने हे चालतं. मग कुणी सर्व्हरची भाषा बदलतं, किंवा नवीन आवृत्तीत वाक्याची रचना बदलते, आणि तुमची अट मुकाट खोटी ठरते. मायएसक्यूएलच्या आठव्या मालिकेत मध्येच असं झालं: दुहेरी नोंदीच्या संदेशात कीच्या नावाआधी टेबलाचं नावही येऊ लागलं. ज्यांनी तो मजकूर शब्दशः ताडून पाहिला होता, ते अडकले.

वाक्याबरोबर एक कोड येतो. एसक्यूएलच्या मानकात त्याला एसक्यूएल-स्टेट म्हणतात. तो पाच चिन्हांचा असतो आणि पहिली दोन चिन्हं कुळ सांगतात. २३ म्हणजे नियमभंग, ०८ म्हणजे कनेक्शनची भानगड, ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र बांधलेल्या आज्ञांचा गठ्ठा) मागे घेतलं गेलं, ४२ म्हणजे तुमची क्वेरीच चुकली, ५३ म्हणजे सर्व्हरकडे जागा, मेमरी किंवा कनेक्शन उरलं नाही. पोस्टग्रेसमध्ये हा कोड भरवशाचा आहे: २३५०५ म्हणजे युनिक (दुहेरी नको) नियम मोडला, २३५०३ म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी असलेलं नातं) मोडली, २३५०२ म्हणजे रिकामं चालणार नव्हतं तिथं रिकामं आलं, २३५१४ म्हणजे चेकची, म्हणजे किंमतीवर तुम्ही घातलेली, अट मोडली.

मायएसक्यूएलमध्ये थोडं सांभाळा. तिथं दुहेरी नोंद आणि फॉरेन की दोन्हींचा एसक्यूएल-स्टेट २३००० असाच येतो, म्हणून त्याचा स्वतःचा क्रमांक बघावा लागतो: दुहेरी नोंद १०६२, फॉरेन की सापडली नाही १४५२, डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत अडकले) १२१३, लॉकची (दुसऱ्यानं अडवलेल्या ओळीची) वाट पाहून थकला १२०५. हे पाठ करत बसू नका. एका फाइलीत नावं देऊन ठेवा आणि कोडमध्ये ती नावं वापरा, म्हणजे सहा महिन्यांनी १२१३ म्हणजे काय हे कुणाला शोधावं लागणार नाही.

कन्स्ट्रेंटलाही, म्हणजे टेबलावर बसवलेल्या नियमालाही, तुम्हीच नाव द्या. न दिल्यास डेटाबेस स्वतः काहीतरी ठेवतो. ‘ऑर्डर_शिल्लक_ऋण_नको’ असं ओळखता येणारं नाव असलं की त्या नावावरून ग्राहकाला नेमकं वाक्य दाखवता येतं. पोस्टग्रेस एररसोबत कन्स्ट्रेंटचं नाव वेगळ्या खान्यात देतो, ते ड्रायव्हरमधून सहज वाचता येतं.

आता हालचाल कुणी करायची?

एरर हाती आली की ‘ही कुठली एरर’ यापेक्षा ‘आता कुणी काय करायचं’ हा प्रश्न विचारा. उत्तरं तीनच असतात: ग्राहकानं, कोडनं किंवा तुम्ही.

ग्राहकाकडे जाणाऱ्या एररी म्हणजे नियमभंगाच्या. हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदवलेला आहे, अनारसे संपले, नाव फार लांब झालं. यात पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही, संपलेले अनारसे तिसऱ्या प्रयत्नात तळून होत नाहीत. ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगा आणि दुसरा पर्याय द्या.

नावाच्या लांबीवर एक मराठी अडचण सांगतो, कारण इंग्रजी लेखांत ती सापडत नाही. ‘कुलकर्णी’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं. डेटाबेसच्या हिशेबात ती आठ चिन्हं आहेत, कारण उकार, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. बाइटमध्ये मोजलं तर चोवीस. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस व्हारकारची (मजकुराच्या रकान्याची) लांबी चिन्हांत मोजतात. ओरॅकल मात्र वेगळं सांगितलं नाही तर बाइटमध्ये मोजतो. ‘वीस अक्षरं पुरेत’ असं ठरवून ठेवलेल्या रकान्यात आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव कोंबलं की पोस्टग्रेस २२००१ देतो आणि बिचाऱ्या ग्राहकाला कळत नाही की आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. रकाना मोठा करा.

कोडनं सोडवायच्या एररी म्हणजे तात्पुरत्या: डेडलॉक, सिरियलायझेशनचा नकार (एकाच वेळी चाललेली ट्रान्झॅक्शन एकमेकांशी जुळली नाहीत म्हणून), क्षणभर तुटलेलं कनेक्शन. त्यांच्याबद्दल खाली सविस्तर आहे.

उरलेल्या सगळ्या तुमच्या. टेबलच नाही, रकान्याचं नाव चुकलं, परवानगी नाही, डिस्क भरली. ग्राहकाला यात काही करता येत नाही आणि पुन्हा प्रयत्न करणंही वेडेपणा आहे. इथं कुणाला तरी रात्री फोन गेला पाहिजे. नवीन आवृत्ती टाकली आणि मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवायचं राहिलं, की रकाना सापडत नाही अशा ४२७०३ च्या रांगा लागतात. त्या एररवर तीन-तीनदा प्रयत्न करणारा कोड मी पाहिलाय. त्यानं फक्त लॉग तिप्पट केला.

‘आधी बघू, मग लिहू’ हे सोडा

मोबाइल क्रमांक दुहेरी नको असेल, तर नवखा माणूस आधी सिलेक्ट करून पाहतो, नसेल तर इन्सर्ट करतो. एकट्यानं टेस्ट करताना हे बरोबर चालतं. पण रांगेत दोघं एकाच क्षणी उभे असले, तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोघंही लिहितात. बोट घसरून बटण दोनदा दाबलं गेलं, तरी हेच होतं.

म्हणून नियम डेटाबेसमध्ये बसवा आणि थेट इन्सर्ट करा. मोडला तर २३५०५ येईल, तीच तुमची तपासणी. फॉर्मवर आधी बघून ग्राहकाला लवकर सांगणं चांगलंच आहे, पण तो शिष्टाचार झाला, कुलूप नव्हे. शिल्लक शून्याखाली जाऊ नये म्हणून चेक लावा. मायएसक्यूएलवर असाल तर आवृत्ती बघून घ्या: ८.०.१६ च्या आधी मायएसक्यूएल चेकची अट वाचायचा, तक्रार न करता स्वीकारायचा आणि मग तिच्याकडे सरळ दुर्लक्ष करायचा.

आणखी एक सापळा आहे, मायएसक्यूएलचं ‘इन्सर्ट इग्नोर’. दुहेरी नोंद आली तर सोडून दे, असं समजून लोक ते वापरतात. पण ते इतर चुकाही गिळतं. लांब मजकूर कापून टाकतं, चुकीची किंमत जुळवून घेतं आणि सगळ्याची फक्त वॉर्निंग करतं. पोस्टग्रेसमधलं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जास्त शहाणं आहे. फक्त त्याला कोणत्या रकान्यावरचा संघर्ष माफ करायचा ते नाव घेऊन सांगा, नाहीतर ते भलताच युनिक नियम मोडला तरी गप्प राहील.

ट्रान्झॅक्शन: सगळं किंवा काहीच नाही

एका ऑर्डरीत तीन कामं असतात: ऑर्डरची ओळ, त्यातल्या पदार्थांच्या ओळी आणि शिल्लक कमी करणं. तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्ये एरर आली की रोलबॅक, म्हणजे तिन्ही मागे, आणि मग एरर वर. बहुतेक भाषांत यासाठी ‘विथ’सारखी किंवा कॉलबॅक घेणारी सोय असते. तीच वापरा. हातानं बिगिन आणि रोलबॅक लिहिलं, की एखाद्या वाटेवर ते विसरलं जातंच.

पोस्टग्रेसमध्ये नवख्यांना एक एरर फार छळते: २५पी०२, म्हणजे ट्रान्झॅक्शन आधीच फसलंय, रोलबॅक होईपर्यंत एकही आज्ञा ऐकणार नाही. आमच्याकडची एक मुलगी दोन तास हिच्याशी झगडून मला म्हणाली, “दादा, सिलेक्टवर पण एरर येऊन राहिली आहे.” सिलेक्ट निर्दोष होता. त्याआधीच्या इन्सर्टची एरर कॅचनं गिळली होती आणि कोड त्याच फसलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे चालला होता. २५पी०२ दिसली की तिच्याकडे बघू नका. लॉगमध्ये मागे जा, खरी एरर तिच्या आधी असते. एखादं पाऊल फसलं तरी पुढे जायचंच असेल, तर त्या पावलाआधी सेव्हपॉइंट (फक्त तिथपर्यंतच मागे येण्याची खूण) ठेवा.

मायएसक्यूएलचा स्वभाव इथं अगदी वेगळा आहे. डेडलॉकवर तो अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतो, पण लॉकची वाट पाहून थकला, म्हणजे १२०५ आला, तर मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटची आज्ञा मागे घेतो. ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. कोडनं पुढे कमिट (लिहिलेलं पक्कं) केलं तर ऑर्डर नोंदवली जाईल आणि शिल्लक कमी होणार नाही. त्यामुळे १२०५ वर स्वतः रोलबॅक करा.

डेडलॉक आणि पुन्हा प्रयत्न

एका ग्राहकानं चकली आणि लाडू अशा क्रमानं मागवलं, दुसऱ्यानं लाडू आणि चकली. पहिल्यानं चकलीची ओळ अडवली, दुसऱ्यानं लाडवाची, आणि आता दोघं एकमेकांच्या ओळीची वाट बघतायत. राजवाड्यामागच्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन ऑटोंसारखं. कुणीतरी मागे घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि मागे कुणी घ्यायचं हे डेटाबेस ठरवतो. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये एक सेकंद वाट पाहून तपासतो आणि एकाला ४०पी०१ देऊन बाहेर काढतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) लगेच ओळखतं आणि शक्यतो ज्यानं कमी काम केलंय त्याला मागे हटवतं.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला: पदार्थ नेहमी एकाच क्रमानं अडवा. ग्राहकानं कसंही मागवलं तरी कोडनं पदार्थ-क्रमांकाप्रमाणे लावून मगच अपडेट करायचं. मामींच्या पानावर एवढ्या एका ओळीनं डेडलॉक जवळजवळ संपले. दुसरा: तरीही आला, तर पुन्हा प्रयत्न.

पुन्हा प्रयत्न म्हणजे अख्खं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून. फसलेली शेवटची क्वेरी तेवढी पुन्हा मारणं नव्हे. आधी वाचलेली शिल्लकही पुन्हा वाचायची, कारण मधल्या वेळात जिंकलेल्या ग्राहकानं लाडू नेलेले असतात. आराखडा साधारण असा:

प्रयत्न १ ते ४:
— ट्रान्झॅक्शन उघडा
— शिल्लक वाचा, ऑर्डर लिहा, शिल्लक कमी करा
— कमिट झालं तर बाहेर पडा
— एरर आली तर रोलबॅक करा
— कोड डेडलॉकचा किंवा सिरियलायझेशनचा नसेल तर एरर वर फेका
— हा चौथा प्रयत्न असेल तरीही वर फेका
— नाहीतर थोडं थांबा आणि पुन्हा या

‘थोडं’ म्हणजे पहिल्यांदा शंभर मिलिसेकंद, मग दोनशे, मग चारशे, आणि प्रत्येकात थोडी यादृच्छिक भर. ती भर नसेल, तर भांडलेले दोघं तेवढाच वेळ थांबून बरोबर एकाच क्षणी परत येऊन भांडतात.

प्रयत्नांची साखळी एकाच पातळीवर ठेवा. ब्राउझर तीनदा, ॲप तीनदा आणि आतली लायब्ररी तीनदा प्रयत्न करत असेल, तर एका क्लिकमागे सत्तावीस क्वेरी होतात. तेही नेमकं डेटाबेस आधीच दमलेला असताना.

आणि या चौकटीच्या आत व्हॉट्सॲप संदेश पाठवू नका. रोलबॅक डेटाबेसमधलं लिहिलेलं पुसतं, गेलेला संदेश परत बोलावत नाही. संदेश पाठवायचा आहे एवढी नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात करा आणि कमिटनंतर वेगळ्या कामानं ते टेबल वाचून संदेश पाठवा.

कमिट झालं की नाही, हेच माहीत नाही

आता या लेखातला सगळ्यांत अवघड भाग. सराफ्यात रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाऊन यूपीआयनं पैसे दिले, चक्र फिरत राहिलं आणि नेटवर्क गेलं. खात्यातून कापले का? दुकानदाराला मिळाले का? त्या क्षणी तुम्हाला दोन्ही माहीत नसतं. पुन्हा पाठवले तर दोनदा जाण्याची भीती, न पाठवावेत तर दुकानदार बघतोय.

तुमचा कोड नेमका याच जागी सापडतो, जेव्हा त्यानं कमिट पाठवलेलं असतं आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटतं. पोस्टग्रेसच्या काही ड्रायव्हरांकडून ०८००६ किंवा मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरकडून २०१३ येतो. ‘एरर आली म्हणजे झालं नाही’ असं समजणं इथं चूक आहे. कमिट सर्व्हरपर्यंत पोचून पक्कं झालेलं असू शकतं, फक्त ‘झालं’ हा निरोप वाटेत हरवला. डेडलॉकमध्ये डेटाबेस स्वतः सांगतो की मी मागे घेतलं, म्हणून तिथं डोळे झाकून पुन्हा प्रयत्न चालतो. इथं तो काहीच सांगत नाही.

याचा उपाय एरर आल्यावर सुचत नाही, आधीच करून ठेवावा लागतो. ऑर्डरचा फॉर्म उघडतानाच तिला एक अद्वितीय खूण द्या, यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) चालेल. ती खूण ऑर्डरच्या ओळीत लिहा आणि त्या रकान्यावर युनिक नियम लावा. प्रयत्न कितीही झाले तरी खूण तीच राहते. आता कनेक्शन तुटलं तर नवीन कनेक्शन घ्या आणि तीच ऑर्डर त्याच खुणेसह पुन्हा लिहा. आधीची पोचली नसेल तर ही नोंदवली जाईल. पोचली असेल तर २३५०५ येईल आणि सोबत त्या खुणेच्या कन्स्ट्रेंटचं नाव. अशा वेळी ग्राहकाला एरर दाखवायची नाही. आधीची ऑर्डर वाचून ‘धन्यवाद’ म्हणायचं, आणि या खेपेला ते खरं असतं.

म्हणजे तोच २३५०५ मोबाइल क्रमांकावर आला तर ग्राहकाला सांगायची गोष्ट, आणि खुणेवर आला तर यशाचा पुरावा. कन्स्ट्रेंटला नावं द्या असं वर सांगितलं, ते यासाठी.

दोन ठिकाणी लोक इथं चुकतात. एक, खूण सर्व्हरवर प्रत्येक विनंतीला नवीन बनवतात. मग ग्राहकानं पान ताजं करून पुन्हा पाठवलं की नवी खूण, नवी ऑर्डर, आणि मामींच्या घरी चकलीचे दोन डबे. दोन, खूण जुळली एवढंच बघतात, आतली ऑर्डर तीच आहे का हे बघत नाहीत. त्याच खुणेनं वेगळा मजकूर आला, तर तो नाकारा.

‘शिल्लक पाचनं कमी कर’ अशा आज्ञेला स्वतःची खूण नसते. ती दोनदा चालली तर दहानं कमी होईल. म्हणून ती नेहमी खूण असलेल्या ऑर्डरीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, ऑर्डरच्या इन्सर्टनंतर असू द्या. इन्सर्ट नाकारला गेला की तीही जाते.

कनेक्शन संपतात तेव्हा

पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. मायएसक्यूएलची १५१. तुमच्या ॲपच्या चार प्रती चालू असतील आणि प्रत्येकीच्या पूलमध्ये (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) तीस कनेक्शन असतील, तर १२० होतात. एरवी कळत नाही. वसुबारसेला सगळ्यांना एकदम फराळ आठवतो आणि ५३३०० सुरू होतो. हा गुणाकार कागदावर आधीच करून ठेवा. आणि मर्यादा वाढवण्याआधी, घेतलेलं कनेक्शन एररच्या वाटेवरही परत जातं का ते तपासा. बहुतेक वेळा गळती तिथं असते: यशाच्या वाटेवर ‘क्लोज’ लिहिलेलं, कॅचमध्ये विसरलेलं.

सकाळची पहिलीच ऑर्डर फसते आणि नंतर दिवसभर सगळं ठीक, अशी तक्रार आली तर मायएसक्यूएलचा ‘वेट टाइमआउट’ आठवा. मूळ किंमत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास. रात्री कुणी फिरकलं नाही की सर्व्हर कनेक्शन बंद करतो, पूलला ते माहीत नसतं, आणि सकाळी पोहे-जिलबीच्या वेळी येणाऱ्या पहिल्या ग्राहकाच्या वाट्याला २००६ येतो (८.०.२४ पासून ४०३१ही येऊ शकतो). पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य आठ तासांपेक्षा कमी ठेवा, किंवा देण्याआधी तपासून देण्याची सोय चालू करा.

कुणाला काय सांगायचं

ग्राहकाला डेटाबेसचं वाक्य कधीच दाखवू नका. त्यात टेबलांची नावं असतात, त्याला त्याचा उपयोग नाही आणि चोराला आहे. ‘आत्ता नोंद करता आली नाही, पैसे कापलेले नाहीत, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा’ असं साधं लिहा. ‘पैसे कापलेले नाहीत’ हे मात्र खात्री असेल तरच.

लॉगमध्ये कोड, कन्स्ट्रेंटचं नाव, कुठली क्वेरी, कितवा प्रयत्न आणि विनंतीचा क्रमांक असू द्या. पोस्टग्रेसच्या २३५०५ सोबत तपशिलाची एक ओळ येते, तिच्यात दुहेरी ठरलेली किंमत छापलेली असते, म्हणजे ग्राहकाचा मोबाइल क्रमांक सरळ तुमच्या लॉग फाइलीत. ती ओळ गाळा. कनेक्शनचा पत्ताही पासवर्डसकट लॉगमध्ये जातो का ते एकदा बघून घ्या.

नावात अवतरणचिन्ह आलं की क्वेरीची वाक्यरचना चुकल्याची ४२६०१ येत असेल, तर ती एरर हाताळू नका. तुम्ही क्वेरी शब्द जोडून बनवताय, आणि ते इंजेक्शनला, म्हणजे रकान्यातून कुणी स्वतःची क्वेरी घुसवण्याला, उघडं दार आहे. किंमती क्वेरीपासून वेगळ्या पाठवणारे पॅरामीटर वापरा.

मुद्दाम मोडून बघा

हे सगळं लिहिलं तरी चालतं का, हे डेटाबेस रुसल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्याला रुसवा. दोन टर्मिनल उघडून चकली-लाडू उलट्या क्रमानं अडवा, डेडलॉक हमखास मिळतो. चालू सेशन सर्व्हरकडून तोडा, पोस्टग्रेसमध्ये ५७पी०१ येईल. सूचनेच्या रकान्यात पणती टाका. मामींच्या पानाची ही टेस्ट मी अजून काढलेली नाही.

शेवटी डेटाबेस बंद करून बघतात सगळेच, पण तो गोठवूनही बघा. डॉकरमध्ये असेल तर ‘पॉज’ करा. बंद असलेला डेटाबेस लगेच ‘नाही’ म्हणतो, कोडला एरर मिळते, तुमचं कॅच चालतं. गोठलेला काहीच म्हणत नाही. पोस्टग्रेसचा ‘स्टेटमेंट टाइमआउट’ मुळात बंदच असतो. तो तुम्ही चालू केला असला तरी इथं कामाला येत नाही, कारण ती मुदत मोजणारा सर्व्हरच झोपलेला आहे. मुदत ड्रायव्हरकडे, आपल्या बाजूला, वेगळी लावावी लागते. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा ऑर्डरचं पान फिरत राहिलं. दहा मिनिटांनीही फिरतच होतं, आणि लॉगमध्ये एकही ओळ नव्हती.